हिंमतराव बावस्कर यांचे संशोधनलेखन

डॉ. हिंमतराव बावस्कर (जन्म १९५१) हे विंचूदंशावरील उपचारांच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाराष्ट्रातील वैद्यक आहेत. रायगड जिल्ह्यातील महाड येथे वैद्यकीय व्यवसाय करीत असताना त्यांनी केलेल्या निरीक्षणांवर आधारित शोधनिबंध १९८२ पासून 'द लॅन्सेट', 'ब्रिटिश मेडिकल जर्नल', 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. यांपैकी अनेक निबंधांच्या सहलेखिका त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या आहेत. भारत सरकारने २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री हा नागरी सन्मान दिला.

विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संशोधनसंस्थेच्या चौकटीबाहेर, तालुक्याच्या गावातील रुग्णालयात उभे राहिलेले हे संशोधन आहे. त्यामुळे शोधनिबंधाला मिळणारे संदर्भोल्लेख आणि त्या संशोधनाचा रुग्णांवर होणारा परिणाम या दोन गोष्टींमधील संबंध समजून घेण्यासाठी ते महत्त्वाचे उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

बावस्कर यांचा जन्म भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी झाला. त्या वेळी हा तालुका हैदराबाद राज्यातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये जालना जिल्हा स्वतंत्र झाल्यावर तो त्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. नागपूर येथून एम.बी.बी.एस. ही पदवी घेतल्यानंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढे पुण्यातून एम.डी. ही पदव्युत्तर पदवी मिळवून ते महाड येथेच स्थायिक झाले.

कोकणात तांबड्या विंचवाचा दंश ही जुनी आणि सर्वपरिचित आपत्ती होती. शेतीची कामे, पेंढा व सरपण हाताळणे, अनवाणी चालणे आणि जमिनीवर झोपणे यांमुळे ग्रामीण भागातील माणसांचा विंचवाशी वारंवार संबंध येतो. दंश झालेल्यांपैकी काहींना केवळ तीव्र वेदना होत, तर काही रुग्ण, विशेषतः मुले, फुप्फुसांत पाणी साठून दगावत. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साठते याची नोंद पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केली होती. तथापि, कोणत्या रुग्णाची प्रकृती बिघडणार हे आधी कसे ओळखावे आणि बिघडल्यास नेमके कोणते औषध द्यावे, याविषयी ग्रामीण डॉक्टरांना उपयोगी पडेल असे मार्गदर्शन उपलब्ध नव्हते.

विषाची क्रिया

भारतीय तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव पूर्वी 'मेसोब्युथस टॅम्युलस' असे होते. अलीकडील वर्गीकरणात त्याला 'हॉटेन्टोटा टॅम्युलस' म्हटले जाते. त्याच्या विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियम व पोटॅशियम यांच्या वाहिन्यांवर परिणाम करतात. सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत आणि मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते.

सुरुवातीला उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणे व नाडी मंदावणे ही लक्षणे दिसतात. त्यानंतर ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन ही द्रव्ये मोठ्या प्रमाणावर रक्तात मिसळतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला प्रचंड विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साठते किंवा रक्तदाब कोसळतो. मृत्यूचे मुख्य कारण हेच असते.

प्रमुख प्रकाशने

१९८२: पूर्वसूचक लक्षणे. 'द लॅन्सेट'मधील १९८२ च्या निबंधात बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशानंतर हृदयावर परिणाम होणार असल्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे मांडली. उलट्या, घाम, थंड पडलेले हातपाय यांसारख्या, कोणत्याही यंत्राविना खाटेशेजारी ओळखता येणाऱ्या खुणांवर त्यात भर होता. हृदयालेखाची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रातही या खुणांवरून धोक्यातील रुग्ण निवडणे शक्य होते.

१९८६: प्राझोसिन. बावस्कर दांपत्याचे सर्वाधिक परिचित लेखन म्हणजे 'द लॅन्सेट'मध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेले प्राझोसिनविषयीचे टिपण होय. त्याची लांबी अवघी दोन पाने आहे. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले औषध होते. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या आल्फा ग्राहींवर क्रिया करते, त्या ग्राही हे औषध रोखून धरते. विषाने ज्या मार्गाने हृदयावर भार टाकला, तोच मार्ग बंद करण्याची ही कल्पना होती. हे औषध स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात तोंडाने देता येत होते. शिरेतून द्यावयाच्या प्रभावी औषधांसाठी लागणारी अखंड देखरेख तालुक्याच्या ठिकाणी अवघड असल्याने या गुणाला विशेष महत्त्व होते.

१९८९ ते १९९६: रुग्णमालिका. या काळात महाराष्ट्रातील तांबड्या विंचवाच्या दंशाचा वैद्यकीय अभ्यास (१९८९), मुलांमधील हृदयविकाराची लक्षणे (१९९१), ॲट्रोपिन या औषधाची भूमिका (१९९२), रक्तवाहिन्या विस्फारणारी औषधे (१९९४) आणि तीव्र विषबाधेत प्राझोसिनचा वापर (१९९६) या विषयांवरील निबंध उष्णकटिबंधीय वैद्यक, बालरोग, विषशास्त्र व हृदयरोग या शाखांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. १९९१ मधील एक निबंध केवळ एका निरीक्षणावर आधारलेला आहे. एकाच विंचवाने दोन व्यक्तींना लागोपाठ दंश केल्यास पहिल्या व्यक्तीत हृदयाची गंभीर लक्षणे दिसतात, दुसरीत दिसत नाहीत, असे त्यात नोंदवले आहे. पहिल्या दंशात विषाचा साठा बराचसा रिकामा होतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

सर्पदंशावरील लेखन. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचे स्वरूप (२००२) तसेच मण्यार व नाग यांच्या दंशाची लक्षणे आणि ग्रामीण परिस्थितीतील उपचार (२००४) यांवरही बावस्कर दांपत्याचे निबंध आहेत.

२०११: यादृच्छिक चाचणी. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी महाड येथील त्यांच्या रुग्णालयात झाली. स्वायत्त मज्जासंस्थेची लक्षणे दिसू लागलेल्या ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. ३५ रुग्णांना विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन अशी दोन्ही औषधे दिली गेली, तर ३५ रुग्णांना केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या आत लक्षणे पूर्णपणे नाहीशी झालेल्या रुग्णांची संख्या पहिल्या गटात ३२ (९१.४ टक्के), तर दुसऱ्या गटात ८ (२२.९ टक्के) होती. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ अनुक्रमे ८ तास आणि १७.७ तास होता. प्राझोसिनचा पुरस्कार करणाऱ्या संशोधकांनीच, केवळ त्या औषधापेक्षा प्रतिविषाची जोड अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष येथे मांडला.

२०१४: आढावा लेख. ऑस्ट्रेलियातील विषशास्त्रज्ञ जेफ्री इस्बिस्टर यांच्यासह बावस्कर यांनी विंचूदंशाच्या विषबाधेवर लिहिलेला आढावा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातील उपलब्ध पुराव्याची छाननी करणारे असे लेख पुढील संशोधकांसाठी व डॉक्टरांसाठी प्राथमिक संदर्भ ठरतात.

संदर्भोल्लेखांची मोजणी

एका शोधनिबंधाने दुसऱ्या निबंधाचा आधार म्हणून केलेल्या उल्लेखाला संदर्भोल्लेख किंवा सायटेशन म्हणतात. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि संशोधनाचा प्रभाव आकड्यांत मोजण्याची प्रथा रूढ झाली. आज तीन मापे विशेष प्रचलित आहेत.

पहिले माप म्हणजे एखाद्या निबंधाला किंवा संशोधकाला मिळालेल्या संदर्भोल्लेखांची एकूण संख्या. दुसरे म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला एच-निर्देशांक. एखाद्या संशोधकाच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भोल्लेख मिळाले असतील, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ मिळाले नसतील, तर त्याचा एच-निर्देशांक २० असतो. तिसरे माप म्हणजे नियतकालिकाचा प्रभावांक, अर्थात इम्पॅक्ट फॅक्टर. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेले संदर्भोल्लेख भागिले त्या दोन वर्षांतील लेखांची संख्या, असे त्याचे गणित आहे. हे माप नियतकालिकाचे असते, निबंधाचे किंवा लेखकाचे नव्हे.

बावस्कर यांच्या लेखनाला ही मापे लावताना पुढील अडचणी येतात.

कालमर्यादा: प्रभावांकात केवळ दोन वर्षांचा विचार होतो. १९८६ च्या टिपणाला १९८७ व १९८८ मध्ये मिळालेले संदर्भोल्लेखच त्या गणितात धरले जातात. त्यानंतरच्या अनेक वर्षांत विंचूदंशावरील निबंधांनी त्याचा घेतलेला आधार या मापात कोठेही दिसत नाही.

विषयाचा आकार: हृदयविकार किंवा कर्करोग या क्षेत्रांत दरवर्षी प्रचंड प्रमाणावर निबंध लिहिले जातात, त्यामुळे तेथे संदर्भोल्लेखही विपुल मिळतात. विंचूदंश हा मुख्यतः उष्ण प्रदेशांतील ग्रामीण गरिबांचा आजार असून त्यावर संशोधन करणारे मोजकेच आहेत. २००८ मधील एका जागतिक आढाव्यानुसार दरवर्षी सुमारे १२ लाख लोकांना विंचूदंश होतो व त्यात ३,२५० हून अधिक मृत्यू होतात. मृत्यूंची ही संख्या मोठी असली, तरी उद्धृत करणारे संशोधक थोडे असल्याने दोन भिन्न क्षेत्रांतील संशोधकांच्या आकड्यांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते.

नावांतील बदल: या विंचवाची नोंद वेगवेगळ्या काळात 'ब्युथस', 'ब्युथोटस', 'मेसोब्युथस' आणि 'हॉटेन्टोटा' अशा निरनिराळ्या प्रजातिनामांखाली झालेली आहे. एकाच नावाने शोध घेतल्यास जुने निबंध सुटतात. लेखकांच्या नावांबाबतही तीच अडचण येते. नियतकालिकांत आडनाव व आद्याक्षरे एवढेच दिले जात असल्याने एकाच कुटुंबातील सहलेखकांचे काम वेगळे करणे कठीण होते.

सूचींमधील फरक: गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके व अहवाल यांतील उल्लेखही मोजते; स्कोपस व वेब ऑफ सायन्स निवडक स्रोतांपुरत्या मर्यादित आहेत. त्यामुळे एकाच संशोधकाचे आकडे प्रत्येक सूचीत वेगळे असतात. कोणताही आकडा देताना सूचीचे नाव व तारीख देणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

प्रभावाचे स्वरूप

संदर्भोल्लेखांची संख्या तो उल्लेख कशासाठी झाला हे सांगत नाही. केवळ प्रस्तावनेत नाव घेणारा उल्लेख आणि मूळ निष्कर्षाची नव्याने परीक्षा घेणारा उल्लेख या दोहोंचे मूल्य मोजणीत सारखेच असते. बावस्कर यांच्या लेखनाच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचे उल्लेख लक्षणीय आहेत. पुदुच्चेरी येथील जिपमर या संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी मुलांवर स्वतंत्र यादृच्छिक चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास केवळ प्राझोसिनपेक्षा मुले लवकर बरी होतात, असे त्यांनाही आढळले. वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या संशोधकांनी, वेगळ्या वयोगटात तोच निष्कर्ष काढणे हे विज्ञानात आकड्यांपेक्षा अधिक वजनदार मानले जाते.

उपचारपद्धतीत झालेला बदल हा प्रभावाचा दुसरा पुरावा होय. प्राझोसिनच्या वापरापूर्वी गंभीर विषबाधेच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असल्याच्या नोंदी आहेत. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यानंतरच्या अहवालांत ते अत्यल्प झाल्याचे दिसते. गोळी देऊन रुग्ण वाचविणारा ग्रामीण डॉक्टर शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे त्याने केलेला या ज्ञानाचा वापर कोणत्याही सूचीत नोंदला जात नाही.

मर्यादा व मतभेद

या संशोधनाच्या मर्यादाही विचारात घ्याव्या लागतात. सुरुवातीचे बहुतेक निबंध रुग्णमालिकांवर आधारित होते. त्यांत यादृच्छिक पद्धतीने निवडलेला तुलनागट नव्हता. मृत्युदरातील घट जुन्या व नव्या काळाच्या तुलनेतून दाखवली जाते. परंतु त्याच काळात रस्ते, वाहतूक आणि अतिदक्षता सुविधाही सुधारल्या. त्यामुळे या घटीचे संपूर्ण श्रेय एकाच औषधाला देता येत नाही. २०११ ची चाचणी एकाच रुग्णालयात झाली आणि कोणत्या रुग्णाला कोणते औषध दिले जात आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते. अशा खुल्या चाचणीत निरीक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम नोंदींवर होण्याची शक्यता राहते.

प्रतिविषाच्या उपयुक्ततेबाबत जगभर मतभेद होते. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविषाचा लाभ आढळला नाही. याउलट अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात गंभीर अवस्थेतील १५ मुलांवर झालेल्या चाचणीत (२००९) प्रतिविषाने लक्षणे वेगाने नाहीशी झाली. विंचवाची जात, विषाची घटना, प्रतिविषाची गुणवत्ता आणि रुग्णांची तीव्रता या सर्व बाबी प्रदेशागणिक भिन्न असल्याने एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशास जसाच्या तसा लागू होत नाही. भारतीय तांबड्या विंचवावर भारतातच अभ्यास होणे का आवश्यक होते, हे यातून स्पष्ट होते.

वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची अट आहे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील शासकीय महाविद्यालयांसह देशभरातील अध्यापकांना ती लागू होते. निबंधांची संख्या हीच पात्रता ठरल्यास शुल्क घेऊन पुरेशा परीक्षणाविना निबंध छापणाऱ्या नियतकालिकांना वाव मिळतो, अशी टीका केली जाते. संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये, असे आवाहन सॅन फ्रान्सिस्को येथील २०१२ च्या बैठकीतून पुढे आलेल्या घोषणापत्रात करण्यात आले. आकडे हे तज्ज्ञांच्या गुणात्मक निर्णयाला पूरक असावेत, पर्याय नसावेत, हे तत्त्व २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात मांडले गेले.

बावस्कर यांच्या संशोधनाला अशा अटीची पार्श्वभूमी नव्हती. दारात येणारा रुग्ण का दगावतो, हा त्यांच्या लेखनाचा आरंभबिंदू होता. त्यांच्या निबंधांची मांडणी पाहता एकाच प्रश्नाचा क्रमाक्रमाने घेतलेला शोध दिसून येतो: धोका ओळखणे (१९८२), उपचार सुचविणे (१९८६), अनुभव नोंदविणे (१९८९ ते १९९६), चाचणीने पडताळणे (२०११) आणि जागतिक पुराव्यात त्याचे स्थान ठरविणे (२०१४). लेखनातील हे सातत्य निबंधांच्या एकूण संख्येवरून किंवा एच-निर्देशांकावरून कळत नाही. त्यासाठी निबंध वाचावे लागतात.

आत्मचरित्र व सन्मान

'बॅरिस्टरचं कार्टं' हे बावस्कर यांचे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. वैद्यकीय क्षेत्रातील नैतिक प्रश्नांवरही त्यांनी लेखन केले असून भारतातील डॉक्टरांवर होणाऱ्या हिंसाचाराविषयीचे त्यांचे पत्र २०१४ मध्ये 'द लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. विंचूदंश व सर्पदंश या क्षेत्रांतील कार्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान देण्यात आला.